हीथ्रोचा आकार व आराखडा : कुंपणाआतील आणि कुंपणाबाहेरील विमानतळ

१

एखाद्या विमानतळाचा आकार सांगावयाचा झाला तर आपण सामान्यतः तीन गोष्टी सांगतो : त्याने व्यापलेली जमीन, त्याच्या धावपट्ट्यांची संख्या, आणि वर्षाकाठी त्यावरून ये-जा करणाऱ्या प्रवाशांची गणना. हे अंक निरुपयोगी आहेत असे नाही. परंतु ते शेजारी शेजारी ठेवले असता जो प्रश्न उभा राहतो, त्याचे उत्तर मात्र त्या अंकांत सापडत नाही. लंडनचा हीथ्रो विमानतळ व अमेरिकेतील डेन्व्हरचा विमानतळ यांचे उदाहरण घेऊ. २०२४ साली हीथ्रोवरून सुमारे ८ कोटी ३९ लाख प्रवाशांनी ये-जा केली. डेन्व्हरवरून सुमारे ८ कोटी २४ लाखांनी. म्हणजे कामाच्या दृष्टीने हे दोन विमानतळ जवळजवळ तुल्यबळ ठरतात. पण डेन्व्हरची जमीन १३,५०० हेक्टरांहून अधिक आहे, तर हीथ्रोची अवघी १,२२७ हेक्टर. डेन्व्हरला सहा धावपट्ट्या आहेत, हीथ्रोला दोन. अकरापट जमीन व तिप्पट धावपट्ट्या असलेला विमानतळ जेवढे काम करतो, तेवढेच, किंबहुना त्याहून किंचित अधिक, हीथ्रो करतो. हे कसे घडते?

याचे एक उत्तर विमानांच्या आकारात आहे. हीथ्रोवर दूर पल्ल्याची मोठी विमाने अधिक असल्यामुळे एका फेरीमागे सरासरीने पावणेदोनशे प्रवासी पडतात. डेन्व्हरवर हा आकडा सव्वाशेच्या घरात राहतो. पण हे उत्तर अपुरे आहे. प्रवासी बाजूला ठेवून केवळ उड्डाणे व अवतरणे मोजली आणि ती दर हेक्टरी मांडली, तरी हीथ्रो सातपटींहून अधिक पुढे राहतो. तेव्हा शिल्लक राहिलेल्या या मोठ्या फरकाचे कारण आराखड्यातच शोधले पाहिजे.

हीथ्रोच्या आराखड्यासंबंधी दोन मते विशेष प्रचलित आहेत. पहिले मत प्रशंसेचे आहे : थोड्या जमिनीत एवढे काम उरकणारा विमानतळ हा काटकसरीचा आदर्श होय. दुसरे मत निंदेचे आहे : या विमानतळाला मुळी आराखडाच नाही, तो गरजेनुसार ठिगळे लावीत वाढलेला पसारा आहे. आमच्या मते ही दोन्ही मते एकाच ठिकाणी चुकतात. दोहोंनीही विमानतळ म्हणजे कुंपणाच्या आतील भाग असे गृहीत धरले आहे. हीथ्रोचा आराखडा काय आहे हे पाहावयाचे तर त्याने कोणते भार कुंपणाबाहेर टाकले हेही पाहिले पाहिजे. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच आहे.

२

प्रथम जागेचा विचार करू. टेम्स नदीच्या उत्तरेस, लंडनच्या पश्चिमेकडे, नदीने मागे टाकलेल्या वाळूखड्यांचे सपाट चौथरे पसरलेले आहेत. त्यांवर सुपीक मातीचा थर आहे. खालचा खडा पाणी झिरपून जाऊ देतो आणि वरची माती भाजीपाल्याला उत्तम मानवते. त्यामुळे विमानतळापूर्वी हीथ्रोचा हा परिसर लंडनला भाजीपाला व फळे पुरविणाऱ्या मळ्यांचा होता.

या सपाटीचा शास्त्रीय उपयोग विमानांच्याही आधी झालेला आहे. ग्रीनिच व पॅरिस येथील वेधशाळा त्रिकोणमापनाने जोडण्यासाठी जनरल विल्यम रॉय याने १७८४ साली हाउन्स्लोच्या माळावर पाच मैलांहून लांब अशी आधाररेषा मोजली. तिचे वायव्य टोक आजच्या विमानतळाच्या उत्तर कडेला येते. ते दाखविण्यासाठी पुढे जमिनीत उभी पुरलेली तोफ १९४४ मध्ये काढण्यात आली व १९७२ मध्ये पुन्हा बसविण्यात आली. भूमापकाला जे हवे होते, तेच विमानालाही हवे होते : दूरवर अडथळा नसलेली समतल भूमी. या दृष्टीने जागेची निवड निष्कारण झाली असे कोणी म्हणू शकणार नाही.

तथापि ती कशी झाली याचा विचार केल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९४४ मध्ये युद्धकालीन अधिकारांचा वापर करून ही जमीन ताब्यात घेण्यात आली आणि हीथ्रो हे खेडे पाडण्यात आले. कारण दाखविले गेले ते लष्करी विमानांच्या गरजेचे. त्या वेळी हवाई खात्याचे उपमंत्री असलेले हॅरल्ड बॅल्फोर यांनी १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत मान्य केले, की खरा हेतू लंडनसाठी मुलकी विमानतळ मिळविण्याचा होता व लष्करी गरज हे निमित्त होते. या कबुलीकडे नैतिक प्रश्न म्हणून पाहण्याचा प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु आराखड्याच्या अभ्यासकाला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. मुलकी विमानतळ म्हणून या जागेची उघड चर्चा झाली असती तर एक प्रश्न निश्चित विचारला गेला असता : पश्चिमेकडून वारे वाहणाऱ्या देशात, महानगराच्या पश्चिमेस विमानतळ ठेवला, तर उतरणारी विमाने कोणाच्या डोक्यावरून येतील?

विमान वाऱ्याला सामोरे जाऊन उतरते. वारा पश्चिमेचा, म्हणून उतरणारे विमान पूर्वेकडून येणार; आणि पूर्वेला तर लंडन शहर आहे. वर्षातील सुमारे ७० टक्के काळ हीच स्थिती असते. म्हणजे धावपट्टीचा पहिला दगड बसण्याच्या आधीच शहराच्या मध्यावरील आकाश या विमानतळाच्या उंबरठ्याला जोडले गेले होते. कुंपणाबाहेर टाकलेला हा पहिला भार होय.

३

आता मूळ आराखड्याकडे वळू. १ जानेवारी १९४६ रोजी हीथ्रो मुलकी वाहतुकीच्या हाती आला, तेव्हा तेथे प्रवाशांसाठी इमारत नव्हती. उत्तरेच्या हमरस्त्यालगत तंबू होते. ८ जून १९४८ रोजी मुंबईहून निघालेले एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ कैरो व जिनीव्हा या मार्गाने लंडनला पोहोचले, ते याच तात्पुरत्या अवस्थेतील विमानतळावर.

त्या काळातील विमाने आजच्यापेक्षा हलकी होती. त्यांतील पुष्कळांचे तिसरे चाक शेपटाखाली असे, आणि आडवा वारा त्यांना सहज विचलित करी. म्हणून वारा कोणत्याही दिशेचा असला तरी त्याच्या जवळपास समोर जाणारी एक तरी धावपट्टी हवी, असा नियम होता. तीन दिशांच्या तीन धावपट्ट्या घातल्या की त्रिकोण होतो. प्रत्येक दिशेला उतरण्यासाठी एक व उडण्यासाठी एक अशा दोन धरल्या की सहा धावपट्ट्या होतात, आणि एकमेकांत गुंतलेल्या दोन त्रिकोणांची षट्कोनी चांदणी तयार होते. हीथ्रोचा आराखडा अशी चांदणी होता. तिच्या मध्यभागी जी जागा उरली, तेथे सर व वास्तुशिल्पी फ्रेडरिक गिबर्ड यांनी नियंत्रण-मनोरा व प्रवाशांच्या इमारती उभ्या केल्या. पहिल्या इमारती १९५५ मध्ये खुल्या झाल्या, दूर पल्ल्याच्या प्रवाशांची इमारत १९६१ मध्ये, आणि पुढे टर्मिनल १ म्हणून ओळखली जाणारी इमारत १९६८ मध्ये. चहूबाजूंनी धावपट्ट्यांनी वेढलेल्या या बेटावर जावयाचे तर उत्तरेकडील धावपट्टीच्या खालून बोगदा काढण्यावाचून गत्यंतर नव्हते. तो काढण्यात आला.

या आराखड्याला ‘ठिगळांचा पसारा’ म्हणणे अन्यायाचे आहे. सर्व विमानांना मध्यापासून सारखे अंतर, सर्व वाऱ्यांना उत्तर, आणि मनोऱ्यावरून सर्व धावपट्ट्या दृष्टीच्या टप्प्यात : असा तो सुसंगत व विचारपूर्वक केलेला आराखडा होता. त्याचा दोष विस्कळितपणा नसून त्याचे अति नेमकेपण हा होता. तो एका विशिष्ट पिढीच्या विमानांच्या अंगाबरोबर बेतलेला अंगरखा होता. जेट विमाने आली, ती जड व वेगवान होती. नाकाखाली चाक असलेल्या विमानांना आडवा वारा पुष्कळ प्रमाणात सोसतो. सहा दिशांची गरज राहिली नाही. तिरक्या धावपट्ट्या एकामागून एक बंद होत गेल्या; त्यांच्या जागी टॅक्सी-मार्ग, विमाने उभी करण्याच्या फरसबंद जागा आणि इमारतींचे विस्तार आले. शेवटची तिरकी धावपट्टी या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत बंद झाली. उरल्या त्या फक्त पूर्व-पश्चिम अशा दोन समांतर धावपट्ट्या : उत्तरेची ३,९०२ मीटर लांब, दक्षिणेची ३,६५८ मीटर, आणि दोहोंमध्ये सुमारे १,४०० मीटरांचे अंतर.

ज्या धावपट्ट्यांमुळे मध्यभागी बेट निर्माण झाले, त्यांतील चार नाहीशा झाल्या. बेट मात्र राहिले. कारण इमारतींपर्यंत माणसांना आणणारे रस्ते, बोगदा, १९७७ मध्ये येऊन पोहोचलेली भुयारी रेल्वे, हे सारे त्या बेटाकडेच वळविलेले होते. विमानांच्या सोयीसाठी केलेली मांडणी विमाने बदलताच मोडता आली. माणसांच्या येण्याजाण्यासाठी केलेली मांडणी मोडता आली नाही. विमानतळाच्या आराखड्यातील खरा स्थायी भाग कोणता, याचे उत्तर येथे मिळते, आणि ते सामान्य समजुतीच्या उलट आहे.

४

मध्यभागी इमारती ठेवणे हीच मूळ चूक होती, असे काही समीक्षक सुचवितात. तुलनेने पाहता हे मत टिकत नाही. अमेरिकेतील अटलांटा येथे १९८० साली सुरू झालेली मांडणीही मध्यवर्तीच आहे. तेथे समांतर धावपट्ट्यांच्या मध्ये, त्यांच्याशी काटकोनात, कंगव्याच्या दात्यांप्रमाणे एकापुढे एक अशा लांबट इमारती उभ्या आहेत, आणि त्यांना जमिनीखालून धावणारी गाडी जोडते. गरज पडली तशी १९९४ मध्ये पाचवी व २०१२ मध्ये सहावी अशी भर त्याच क्रमात पडली. आज तेथे पाच समांतर धावपट्ट्या आहेत, आणि २०२४ मध्ये १० कोटी ८० लाखांच्या आसपास प्रवासी तेथून गेले. म्हणजे मध्यवर्तित्व हा दोष नव्हे. भेद असा, की अटलांटाची मध्यवर्ती पट्टी वाढीची दिशा राखून आखलेली आहे, तर हीथ्रोचे बेट बंदिस्त होते. वर्तुळाच्या आत वाढ करावयाची तर जुने पाडावे लागते. वर्तुळाबाहेर करावयाची तर वर्तुळ ओलांडावे लागते.

हीथ्रोच्या पुढील इतिहासात हे दोन्ही प्रकार आढळतात. १९८६ मध्ये टर्मिनल ४ बांधण्यात आले ते दक्षिणेच्या धावपट्टीपलीकडे. तेथे जाणाऱ्या वा तेथून निघणाऱ्या विमानाला उत्तरेची धावपट्टी वापरावयाची असेल तर वाटेत दक्षिणेची ओलांडावी लागते. आणि ज्या धावपट्टीवर दीड मिनिटाचीही उसंत नाही, तिच्यावर अशी फट काढणे हा खर्चच असतो. याउलट २००८ मध्ये सुरू झालेले टर्मिनल ५ दोन धावपट्ट्यांच्या मधल्या पट्टीतच, पश्चिम टोकाला आहे. ती जागा अनेक दशके मैल्याच्या गाळावर प्रक्रिया करणाऱ्या केंद्राने अडविलेली होती; ती मोकळी करून, दोन प्रवाह वळवून, तेथे मुख्य इमारत व तिला समांतर दोन उपइमारती उभ्या राहिल्या. पुढे जुने टर्मिनल २ पाडून २०१४ मध्ये नवे उघडले, तेही याच क्रमाचे आहे; आणि टर्मिनल १ हे २०१५ मध्ये बंद झाले. म्हणजे हीथ्रो हळूहळू, अतिशय खर्चाने व जुन्याची मोडतोड करीत, अटलांटाच्या मांडणीकडे सरकत आहे. चांदणी पुसून तेथे कंगवा काढला जात आहे.

५

परंतु अटलांटाला पाच धावपट्ट्या आहेत, हीथ्रोला दोनच. मग कुंपणाआत जी जागा नाही ती येते कोठून? याचे उत्तर आमच्या विवेचनाचा मुख्य मुद्दा आहे.

पहिली जागा आकाशातून येते. हीथ्रोकडे येणारी विमाने बॉव्हिंग्डन, लॅम्बोर्न, ऑकम व बिगिन अशा चार ठिकाणी घिरट्या घालीत, एकावर एक थर करून, आपली पाळी येण्याची वाट पाहतात. हे थर म्हणजे वस्तुतः विमानतळाच्या प्रतीक्षा-खोल्याच होत. त्या असल्यामुळेच धावपट्टीला क्षणभरही रिकामे राहावे लागत नाही. पण त्यांचे क्षेत्रफळ १,२२७ हेक्टरांत मोजलेले नाही.

दुसरी जागा शेजाऱ्यांच्या वेळातून येते. दोन धावपट्ट्यांपैकी सामान्यतः एकीवर विमाने उतरतात व दुसरीवरून उडतात. पश्चिमेचा वारा असताना दुपारी तीन वाजता ही वाटणी उलटते. उद्देश असा, की उतरण्याच्या मार्गाखालील वस्तीला निदान अर्धा दिवस शांतता लाभावी. नकाशावर न दिसणारी ही घड्याळाची रेषा हीथ्रोच्या आराखड्याचा तितकाच महत्त्वाचा घटक आहे. १९५२ मधील क्रॅनफर्डचा तोंडी करार याच जातीचा. त्या वस्तीवरून पूर्वेकडे उड्डाणे करू नयेत असे ठरल्यामुळे उत्तरेच्या धावपट्टीच्या पश्चिम टोकाला त्या उड्डाणांसाठी लागणारे टॅक्सी-मार्ग पुरेसे बांधलेच गेले नाहीत. २००९ मध्ये सरकारने करार संपविला, तरी जमिनीवरची स्थिती त्यासरशी बदलली नाही. कुंपणाबाहेरचे एक आश्वासन कुंपणाआतील काँक्रीटमध्ये कसे उतरते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

तिसरी गोष्ट मर्यादेची. टर्मिनल ५ विषयीची जाहीर चौकशी १९९५ पासून १९९९ पर्यंत चालली आणि २००१ मध्ये मान्यता देताना वर्षाला ४ लाख ८० हजार फेऱ्यांची कमाल मर्यादा घालण्यात आली. २०२४ मध्ये फेऱ्या ४ लाख ७० हजारांहून अधिक झाल्या. म्हणजे भांडे काठोकाठ भरलेले आहे. अशा भांड्याला थोडा धक्काही सोसत नाही. २१ मार्च २०२५ रोजी हेझ येथील नॉर्थ हाइड वीज-उपकेंद्राला लागलेल्या आगीमुळे हा संपूर्ण विमानतळ जवळजवळ दिवसभर बंद राहिला. ते उपकेंद्रही कुंपणाबाहेरच होते.

हे सर्व एकत्र घेतले म्हणजे ‘काटकसरीचा आदर्श’ या प्रशंसेचे स्वरूप स्पष्ट होते. हीथ्रोने जमीन वाचविली हे खरे. परंतु वाचविलेल्या जमिनीचे मूल्य आकाशातील घिरट्यांनी, शहरातील झोपमोडीने व अडचणीच्या दिवशी काहीच शिल्लक न उरण्याने भरले जाते. डेन्व्हरने हेच मूल्य प्रामुख्याने माळरानाच्या रूपाने आधीच भरले. या दोहोंत कोणता व्यवहार अधिक शहाणपणाचा, हा प्रश्न आम्ही येथे सोडवू इच्छीत नाही. डेन्व्हरचा प्रवासी शहरापासून दूर जातो, हाही एक भारच आहे. आमचे म्हणणे एवढेच की दोन्ही हिशेब एकाच वहीत मांडल्यावाचून आकारांची तुलना करणे अशास्त्रीय होय.

६

या विवेचनाचे महत्त्व केवळ ऐतिहासिक नाही. २०१५ मध्ये विमानतळ आयोगाने हीथ्रोच्या वायव्येस तिसरी धावपट्टी सुचविली. २०१८ मध्ये संसदेने तत्संबंधी धोरणाला संमती दिली. २०२० मध्ये प्रकरण न्यायालयांतून फिरून आले. आणि जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने या कल्पनेला पुन्हा पाठिंबा जाहीर केला. आयोगाच्या हिशेबानुसार या योजनेत सातशेहून अधिक घरे जातात. लाँगफर्ड, हार्मन्ड्सवर्थ व सिप्सन ही तिच्या वाटेवरील खेडी होत. त्यांपैकी हार्मन्ड्सवर्थला पंधराव्या शतकातील प्रचंड लाकडी कोठार अद्याप उभे आहे. १९४४ मध्ये एक खेडे कोणतीही सुनावणी न होता गेले. आज त्याच्या शेजाऱ्यांना सुनावणी तरी मिळते. ही प्रगती खरी आहे. तथापि सुनावणी ‘आणखी एक धावपट्टी हवी की नको’ एवढ्याच प्रश्नावर होते. पहिल्या जागेची निवड, तिच्यातून आलेली शहरावरील वाट, बेटाकडे वळविलेले रस्ते, हे सारे आता ‘दिलेले’ म्हणून धरले जाते. ज्या निर्णयाची चर्चा झाली नाही, तोच पुढील प्रत्येक चर्चेची चौकट ठरतो.

आपल्याकडील वाचकांना याचा विचार दुरून करण्याचे कारण नाही. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्घाटन झालेला व २५ डिसेंबर २०२५ पासून वाहतुकीला खुला झालेला नवी मुंबईचा विमानतळ सुमारे १,१६० हेक्टरांचा असून त्याच्या आराखड्यात दोन समांतर धावपट्ट्या आहेत. म्हणजे जमीन व धावपट्ट्या या दोन मापांनी तो हीथ्रोचाच सख्खा भाऊ आहे. त्यासाठीही टेकडी उतरविण्यात आली, उलवे नदी वळविण्यात आली आणि दहा गावांना उठावे लागले. या साम्यावरून दोहोंचे भवितव्य एक असेल असे अनुमान काढणे घाईचे होईल; वारा, वस्ती व भूमी ही तेथे वेगळी आहेत. परंतु त्याच्या अभ्यासकाने पहिल्या दिवसापासून दोन नकाशे काढावेत, असे मात्र सुचवावेसे वाटते : एक कुंपणाआतील धावपट्ट्यांचा व इमारतींचा, दुसरा कुंपणाबाहेरील उतरण्याच्या वाटांचा, रस्त्यांचा, प्रवाहांचा व उठलेल्या गावांचा. हीथ्रोच्या बाबतीत दुसरा नकाशा काढावयास फार उशीर झाला. तो काढला गेला तेव्हा पहिला नकाशा बदलणे कोणाच्याच हाती उरले नव्हते.